डाव्या वाटेवरची भेग

आधी एक कबूल करतो. हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर काढलेलं नाही. वडील अंगठा करतात, आजोबाही तेच करत. माझं शिक्षण झालं ते उर्दूतून, त्यामुळे मराठी लिहिताना अजून शब्द चाचपावे लागतात. शिवाय लिहायचं आहे बैलांच्या शर्यतीबद्दल, म्हणजे आमच्याकडे ज्याला शंकरपट म्हणतात त्याबद्दल, आणि मी तर उभ्या जन्मात पटात जोडी हाकलेली नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात. त्यातली एक पोटात घालण्यासारखी नाही. तिच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव अंबडच्या दक्षिणेला, काळ्या रानात. गाव आणि ओढा यांच्यामध्ये एक लांबट पडीक तुकडा आहे. संक्रांत झाली की त्यावर पट भरतो. ओढ्याच्या पलीकडे दुसरं गाव. दोन्ही गावांचं वैर कशावरून सुरू झालं हे कुणालाच सांगता येत नाही, पण ते विसरलेलंही कुणी नाही. वर्षभर इकडचं जनावर तिकडे शिरलं की डोकी फुटतात. पटाच्या दिवशी तेवढी दोन्ही गावं एका जागी उभी राहतात, आणि तीही काही प्रेमानं नाही. आमच्या पाटलांची जोडी आणि पलीकडच्या देशमुखांची जोडी शेजारी शेजारी सुटते. वर्षभराचं जे काही साठलेलं असतं ते त्या चार श्वासांत बाहेर पडतं.

एकमेकींना लागून दोन सरळ वाटा केलेल्या असतात, एक डावी, एक उजवी. प्रत्येक वाटेवर एक जोडी, मागे हलका छकडा, त्यात एक हाकणारा. पलीकडच्या टोकाच्या निशाणापाशी आधी पोचेल तो जिंकला. बघायला आलेले लोक बैलांचंच बोलतात. खुराक काय, छाती कशी, खूर कसे. वडील म्हणायचे, "बैल पळत न्हाई, जमीन पळू देती."

वडील पट लावायचे. म्हणजे त्या दोन वाटा तयार करायचे. आजोबांनंतर हे काम त्यांच्याकडे आलं. वैरी असलेल्या दोन गावांनी एकाच माणसावर विश्वास टाकावा अशी दुसरी कुठलीही गोष्ट आमच्या भागात नव्हती, आणि आमच्या घरात अभिमान धरण्यासारखं दुसरं काही नव्हतं. जमीन ठोकायचा बाभळीचा धुम्मस, त्याची मूठ हातानं गुळगुळीत झालेली, वर्षभर मारुतीपुढे ठेवलेला असे. पटाच्या आधी दोन्ही गावांचे पंच तो उचलून वडिलांच्या हातात देत. तो हातात आला की काम सुरू.

काळी जमीन दगाबाज असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि थंडीत आखडून भेगाळते. कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. वडील आधी तुकडा नांगरून घेत, मग वखराच्या पाळ्या देत, ढेकळं फोडत, बायका दगड वेचून टोपल्यांनी बांधावर टाकत, आणि शेवटी फळी फिरवून सगळं सपाट करत. एवढं तर कुणीही करील. खरं काम पुढे होतं. उजवी वाट ओढ्याच्या बाजूची, तिथे ओल जास्त, पाय रुततो. डावी उंचवट्याची, ती लवकर वाळते आणि कडक होते. रुतणाऱ्या जमिनीत जड बैलाचा दम जातो. कडक जमिनीवर खूर सटकतो, छकडा उडतो. दोन्ही वाटा सारख्या झाल्या पाहिजेत. म्हणून ते उजवीत मुरूम कालवत, डावीला पाणी देत. पाणी नेहमी दिवस कलल्यावर. दुपारी दिलेलं पाणी ऊन वरच्यावर पिऊन टाकतं, वर खपली धरते आणि खाली धूळ तशीच राहते, असं ते सांगत.

भेगांचं तर त्यांचं शास्त्रच होतं. भेग दिसली की ती कधी लगेच भरायची नाही. तोंडापुरतं पाणी द्यायचं, वर कडबा झाकायचा, आणि जमीन स्वतःहून फुगून ओठ मिटू लागली की मग उरलेल्या जागेत बारीक मुरूम घालून धुम्मसानं ठोकायची. कोरडी माती घातली तर ती वरच अडकते, खाली पोकळी राहते. हा मुरूम ओढ्यापलीकडच्या टेकाडावर मिळे, म्हणजे दुसऱ्या गावाच्या हद्दीत. दरवर्षी वडील स्वतः जाऊन देशमुखांना विचारत आणि टोपल्या भरून आणत.

शेवटचा रिवाज पटाच्या सकाळचा. उजाडल्यावर लोक दोन्ही कडांना उभे राहत. वडील पायातलं काढून आधी उजव्या वाटेनं जात आणि डाव्या वाटेनं परत येत, एकेक पाऊल दाबत. परत आले की पंचांपुढे उभं राहून म्हणत, "पट पायाखालून गेला." त्यानंतर जमिनीत जे निघेल ते त्यांच्या माथी. मग चिठ्ठ्या टाकून कुणाला कुठली वाट ते ठरे, म्हणजे पट लावणाऱ्यालाही ते आधी माहीत नसे. जोडा घातलेल्या माणसानं पटावर पाऊल टाकायचं नाही, हेही ठरलेलं.

त्या वर्षी मी औरंगाबादेहून कॉलेजच्या सुटीत घरी आलो होतो. पायात काळे जोडे होते. ते मी घरातही काढत नसे, आणि गावाला ते दिसत होते. पटाला तीन दिवस उरले असताना वडिलांना अंबडच्या कोर्टाचं समन्स आलं. कुणाच्या तरी बांधाच्या भांडणात गवाही होती. समन्स उर्दूत, ते मीच वाचून दाखवलं. सगळं काम झालं होतं. डाव्या वाटेच्या मध्यावर एक भेग तेवढी राहिली होती, ओली करून कडब्याखाली झाकलेली.

जाताना वडील म्हणाले, "रोज दिवस कलल्यावर पाणी दे. भरू नको. म्या येऊन भरतो."

"बरं दादा."

"मुरूम सरलाय. तो बी मीच आणीन. तू पल्याड जाऊ नको, तुझ्याशी ते नीट बोलायचे न्हाईत."

कोर्टानं तारीख एक दिवस पुढे ढकलली. पटाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत वडील आले नाहीत. मी भेगेजवळ बसून होतो. तेवढ्यात पलीकडच्या गावचे दोघे पट बघायला आले. एक देशमुखांची जोडी हाकणारा, दुसरा त्याचा मेहुणा. दोघे बांधावर बसले.

"काय कालेजवाले," हाकणारा म्हणाला, "बाप कुठं गेला? पट सोडून पळाला का?"

"अंबडला गेलेत. गवाही आहे."

"आन् कडब्याखाली काय झाकलंय?"

"ओल धरायला ठेवलाय."

"ह्याला इचारून काय उपेग," मेहुणा म्हणाला. "ह्यानं जमीन पुस्तकात बघितलीय."

"त्ये बी उर्दू पुस्तकात. ह्याला पट उलटीकडून दिसत असंल. निशाण इकडं आन् बैल तिकडं."

दोघे हसले. मी कडबा उचलून खाली काय आहे ते दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. जाताना हाकणारा माझ्या जोड्यांकडे बघून थुंकला. अंगावर नाही, बाजूला.

ते गेल्यावर मी कडबा उचलून भेग पाहिली. वडील आज आले नाहीत तर उद्या हीच माणसं उघडी भेग बघतील आणि चार गावांसमोर हसतील, एवढंच डोक्यात होतं. भेग अजून पुरती मिटली नव्हती. मुरूम हवा होता, आणि मुरमासाठी ओढा ओलांडून त्याच माणसांच्या दारात जाऊन विचारायला हवं होतं. मी गेलो नाही. भीती होती की राग, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. बहुतेक राग. त्यांच्याकडून मूठभर दगडमातीही मागायची नाही, असं मी ठरवलं.

मग जोडे काढून बांधावर ठेवले. बांधाकडची कोरडी काळी माती टोपलीनं आणून भेगेत ओतली, धुम्मसानं ठोकली, वर पाणी शिंपडलं आणि हातानं सारवल्यासारखं केलं. ऊन कडक होतं. घटकाभरात ती जागा इतकी सुरेख वाळली की कुठे भेग होती हे माझं मलाच सापडेना. मला फार बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

दिवस मावळता वडील आले. चेहरा कोर्टात दोन दिवस उभं राहिलेल्या माणसाचा. पाय धुताना त्यांनी विचारलं, "पाणी दिलं?"

"दिलं. आणि भेग भरली."

त्यांनी वर बघितलं. "कशानं?"

"मुरूम घालून. तुम्ही ठोकता तशी ठोकली."

"मुरूम कुठला?"

"थोडा उरला होता. बांधाकडे."

नुसते "बरं" म्हणाले. मला वाटलं, त्यांचा विश्वास बसला.

सकाळी दोन्ही गावं जमली. वडिलांनी पायातलं काढलं आणि चालायला लागले. मी डाव्या वाटेच्या कडेला, बरोबर त्या जागेशी उभा होतो, पायात जोडे. उजवीकडून जाऊन ते डावीनं परत येऊ लागले. त्या जागेवर त्यांचा पाय पडला तेव्हा तो जरा जास्त थांबला का, हे मी नंतर इतक्यांदा आठवून पाहिलं की आता आठवण कोणती आणि भीती कोणती ते कळत नाही. ते पुढे गेले. पंचांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पट पायाखालून गेला."

चिठ्ठ्या निघाल्या. डावी वाट देशमुखांना आली.

पहिल्या दोन-तीन जोड्या हलक्या होत्या, त्या निघून गेल्या. मग पाटलांची आणि देशमुखांची सुटली. देशमुखांचा डाव्या अंगाचा बैल पांढरा, थोराड. भरवेगात त्याचा पुढचा पाय खपलीतून आत गेला. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, तो मी ऐकला. छकडा उलटला, हाकणारा लांब फेकला गेला. बैल उठायला बघत होता आणि पाय त्याच्याखाली येत नव्हता.

देशमुख धावत आले. त्यांनी आधी बैलाच्या मानेवर हात ठेवला, मग खड्ड्यात हात घालून मूठभर माती काढली. कोरडी, भुरभुरीत. वडील जवळ आले तसे त्यांनी ती मूठ वडिलांच्या अनवाणी पायांवर सोडली.

"हा तुझा मुरूम?"

वडील मातीकडे बघत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"बोल की. इमान खाल्लंस ना? कुणी खायला घातलं?"

"कुणी न्हाई. चूक माझी हाय."

"चूक?" देशमुख म्हणाले. "आमच्याच वाटंवर चूक?"

चिठ्ठी नंतर निघते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण ते कुणाच्या कामाचं नव्हतं. काठ्या निघाल्या. कुणाची तरी काठी वडिलांच्या खांद्यावर बसली, दुसऱ्या एकानं त्यांचं पागोटं ओढून मातीत टाकलं. आमच्या गावानं सोडवायला जावं, तर पाटील मोठ्यानं म्हणाले, "आम्ही न्हाई सांगितलं ह्याला. आमच्या जोडीला असल्या जिंकण्याची गरज न्हाई." म्हणजे आमच्याच गावानं आधी हात झाडले. शेवटी पंचांनी धुम्मस काढून घेतला आणि मारुतीपुढे ठेवला. पाडव्याला दोन्ही गावं पारावर बसतील आणि तो पुन्हा वडिलांच्या हातात द्यायचा की नाही ते ठरवतील, असं सांगून लोक पांगले.

मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरच्या आठ दिवसांतही नाही. त्या आठ दिवसांत लोहारानं आमच्या कुळवाची पास, त्याचं लोखंडी पातं, धार न लावताच परत पाठवली, सवड नाही म्हणून. विहिरीवर आई गेली की बायका घागरी उचलून बाजूला होत. आळीपाळीनं दोन्ही घरांनी जुंपायचा असा सावडीचा बैल शेजारच्यांनी सोडवून नेला. पलीकडचं वैर समजण्यासारखं होतं. इकडचं मला समजलं नाही. हीच माणसं दरवर्षी जेवताना वडिलांना पहिला पाट देत होती. मी ज्या दिवशी निघालो त्या दिवशी वडिलांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि सडकेपर्यंत आले. ट्रंक खाली ठेवून म्हणाले, "जोडे ओले करू नको. फाटतेत."

औरंगाबादेत माझं अभ्यासात लक्ष लागेना. ती कोरडी मूठ वडिलांच्या पायांवर पडताना दिसायची. पाडवा जवळ आला तसं मला वाटलं, निदान आता तरी बोललं पाहिजे. समोर जाऊन बोलायची छाती नव्हती, म्हणून पत्र लिहिलं, पंचांच्या नावे, गावच्या शाळामास्तरांच्या पत्त्यावर. भेग मी भरली. मुरूम घातला नाही. वडिलांना खोटं सांगितलं की घातला. त्यांचा काहीही दोष नाही, धुम्मस त्यांना परत द्यावा. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं आणि टपालात टाकलं.

पाडवा झाला. उत्तर आलं नाही. रोज टपालवाल्याची वाट बघत होतो. आणखी दोन आठवडे गेले, तेव्हा मला राहवेना. रविवार गाठून रेल्वेनं जालन्याला गेलो. आमच्याकडच्या गाड्या सरकी न्यायला जालन्याच्या बाजारात येतात, कुणीतरी गावचं भेटेल असं वाटलं. भेटले ते काका, वडिलांचे धाकटे भाऊ. गाडीवर पोती रचत होते. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

मी वाकून नमस्कार केला. "काका, पत्र मिळालं का?"

"आल्तं."

"वाचलं?"

"मास्तरनं वाचलं. पारावर, दोन्ही गावाम्होरं. देशमुखानं दोनदा वाचाय लावलं."

"मग?"

काकांनी पोतं टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. "मंग काय. पाटील म्हणला, पोरानं केलं, म्हातारा सुटला. देशमुख बी म्हणला, सोडा. बैल लंगडा झाला तो झाला, पर इमान गेलं न्हाई म्हणला. धुम्मस उचलून आणला बी व्हता. हातात द्यायचंच राह्यलं व्हतं."

काकांनी दोर उचलून पोत्यांवरून टाकला.

"तेवढ्यात त्यो हाकणारा उठला. हात गळ्यात बांधलेला. म्हणला, पोरानं भरली, मान्य. पर सकाळी तू अनवाणी चाललास की रं. तवा पायाला काय लागलं? तेवढं सांग आन् धुम्मस घे." काका थांबले. "एक शब्द बोलायचा व्हता. काही न्हाई लागलं, एवढं म्हणायचं. समदे ऐकाय तयार व्हते."

"दादा काय म्हणाले?"

"म्हणला, पोकळ लागलं."

बाजारात गाड्या हलत होत्या. काकांनी पोत्यावर हात ठेवला आणि खाली बघून उरलेलं सांगितलं.

"देशमुख म्हणला, लागलं तर बोलला का न्हाईस? तर म्हणला, भेगंच्या बाजूला पोरगं उभं व्हतं. त्याची भेग चार गावाम्होरं उकरायची माझ्यानं झालं न्हाई. वाटलं, टिकंल, म्हणला. मंग कोण काय बोलणार? तुझ्या कागदापस्तोर ती चूक व्हती. कागदानंतर ते जाणून केलेलं झालं." त्यांनी दोर आवळला. "खरं बोलायचंच व्हतं तर आदल्या दिशी पाय धुताना बोलायचं व्हतंस. आता इमानदारी शिकवतो आम्हाला, टपालानं."

मी विचारलं, धुम्मस कुठे आहे.

"पल्याडच्या गावात. त्या हाकणाऱ्याच्या मेव्हण्याकडं. पट आता त्यो लावणार. जुन्या माणसानं नव्याच्या दारात नेऊन द्यायचा आसतो, तुला ठावं न्हाई ते. दादा सोता घेऊन गेला खांद्यावर. वहाणा घरीच ठिवून गेल्ता."